किती गेल्यावर, किती वेळानं, किती वाजता

"दादा, फाईल जाईना."

सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे येणारी ही सगळ्यात नेहमीची तक्रार, आणि एवढीच आली तर सगळ्यात निकामीही. जाईना म्हणजे सुरूच होत नाही, मध्ये अडकते, की शंभर टक्के होऊन मग नापास होते? पाठवणारा दिवसभर उन्हात फिरून आलेला असतो, त्याच्या लेखी सगळं एकच. मी आता आधी तीन गोष्टी विचारतो: किती गेल्यावर तुटली, किती वेळानं तुटली आणि तेव्हा घड्याळात किती वाजले होते. एरर काय आली हे शेवटी. एरर खोटं बोलते असं नाही, पण ती स्वतःपुरतंच बोलते.

हे शिकायला मला सुप्यात येऊन बसावं लागलं. बारामती तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे नीरा डावा कालवा आणि उसाचे फड उभे राहतात. सुपे त्या बारामतीतलं नव्हे. चौफुल्याहून मोरगावला जाताना लागणारा हा जिरायती पट्टा: बाजरी, ज्वारी, मेंढरं, शेततळी, आणि उन्हाळा लागला की जनाई-शिरसाईचं पाणी कधी सुटणार याची चौकशी. पाण्याची ओढ असल्यामुळेच इथं नकाशांना गिऱ्हाईक आहे. ओघळ कुठून येते, बांध कुठं घातला तर पाणी थांबेल, शेततळ्यात किती साठलंय, हे सगळं वरून छान दिसतं. एका खासगी संस्थेनं ड्रोननं शिवाराचे फोटो काढून असे नकाशे करायचं काम घेतलं होतं. मुलं दिवसा ड्रोन उडवायची, संध्याकाळी एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवरच्या खोलीत बसून फोटो जोडायची आणि तयार नकाशा पुण्यातल्या सर्व्हरवर पाठवायची. सर्व्हर माझ्याकडे. आधी मी पुण्यात बसून फोनवर उत्तरं द्यायचो. घर सुप्याचंच, त्यामुळे पुढे गावी राहून काम करायची मुभा मिळाली आणि आपला सर्व्हर पाठवणाऱ्याच्या खुर्चीतून कसा दिसतो ते पहिल्यांदा पाहिलं. फार चांगला दिसत नव्हता.

या फाईली मोठ्या म्हणजे केवढ्या, ते बोटांवर काढता येतं. एका पिक्सेलला जमिनीवरचे ५ सेंटिमीटर धरले, तर एका किलोमीटरच्या लांबीत २०,००० पिक्सेल बसतात. म्हणजे चौरस किलोमीटरला ४० कोटी. प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा, निळा असे ३ बाइट. झाले १२० कोटी बाइट. सुप्याशेजारचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांमुळे नावाजलेलं, पण आकारानं जेमतेम ५ चौरस किलोमीटर. तेवढ्याच क्षेत्राचा नकाशा न दाबता ठेवला तर ६ जीबी होतो. नेटवाले जाहिरातीत जो वेग सांगतात तो उतरवून घेण्याचा. चढवताना आमच्या खोलीला १० एमबीपीएस मिळाले तरी आनंद. त्या वेगानं ६ जीबी चढायला ८० मिनिटं लागतात. सलग ८० मिनिटं लाईट, राउटर, केबल, खांब, रस्ता खोदणारा जेसीबी यांतलं काहीच आडवं येऊ नये ही मागणी लहान नाही.

फाईल दर वेळी एकाच आकाराला तुटत असेल तर मला बरं वाटतं. म्हणजे कुणीतरी कुठंतरी आकडा लिहून ठेवलाय, तो शोधायचा. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला काही सांगितलं नाही तर तो १ एमबीच्या वरचं काही आत घेत नाही, ४१३ क्रमांकाची एरर देऊन मोकळा होतो. त्याच्यामागे पीएचपी असेल तर त्याची वेगळी चौकी: एका फाईलला २ एमबी, पूर्ण फॉर्मला ८ एमबी. हे आकडे बदलता येतात, फक्त एक बदलून दुसरा राहिला की गंमत होते. पीएचपीची तर एक खोड अशी, की फॉर्मची मर्यादा ओलांडली की तो आलेलं सगळंच टाकून देतो. फाईलही आणि तिच्यासोबत भरलेली नाव-गावाची माहितीही. मग पुढचा प्रोग्रॅम भाबडेपणानं म्हणतो, "कृपया फाईल निवडा." अर्धा तास फाईल चढताना पाहिलेल्या माणसाला हे वाक्य वाचायला लागतं. त्यानं लॅपटॉप आपटला नाही हेच खूप.

४ जीबीची भिंत याहून जुनी. नेट अगदीच गेलं तर मुलं नकाशा पेनड्राइव्हवर घेऊन बारामतीला जायची. ३२ जीबीचा कोरा पेनड्राइव्ह, ६ जीबीची फाईल, आणि विंडोज म्हणतं फाईल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला; तिथं एका फाईलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटची हद्द आहे, कारण फाईलचा आकार लिहायला ३२ बिटांचाच रकाना ठेवलाय आणि त्यात याहून मोठा आकडा मावत नाही. नकाशे ज्या टिफ प्रकारात असतात त्यालाही जुन्या पद्धतीत हीच ३२ बिटांची अडचण. म्हणून तर बिगटिफ आलं. एका बाजूच्या सॉफ्टवेअरला बिगटिफ कळतं आणि दुसऱ्याला नाही, तेव्हा फाईल नीट पोचते आणि तरी उघडत नाही. मग सर्व्हरच्या नावानं शिमगा.

वेळेवर तुटणाऱ्या फाईलींनी मात्र मला खरं काम शिकवलं. सुरुवातीला नकाशे एफटीपीनं यायचे. ही पद्धत १९७१ साली अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिली. हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. एफटीपीत दोन स्वतंत्र जोडण्या असतात. एकीवरून हुकूम जातात आणि पावत्या येतात, दुसरीवरून फाईल वाहते. त्या काळाला धरून ती मांडणी सुटसुटीत होती. दोन टोकांच्या मध्ये घरोघरचे राउटर बसतील आणि ते वीसेक जोडण्या एका पत्त्यामागे दडवून प्रत्येकीची नोंद ठेवतील, हे तेव्हा कुणाच्या गावीही नसणार. असा राउटर बराच वेळ हालचाल न दिसलेली जोडणी नोंदीतून पुसून टाकतो. फाईल तासभर वाहत असते तेव्हा हुकमांची जोडणी गप्प असते, आणि स्वस्तातला राउटर काही मिनिटांतच तिला विसरतो. पूर्ण फाईल सर्व्हरवर येते, सर्व्हर "२२६, पोचली" असं कळवतो, आणि ते वाक्य वाटेतच विरून जातं. इकडं मुलाच्या पडद्यावर शंभर टक्के, मग नुसतं थांबणं, मग "अयशस्वी", मग प्रोग्रॅम आपणहून पहिल्यापासून सुरू. लहान फाईलला काही त्रास नाही, कारण ती राउटर विसरायच्या आत संपते. म्हणून सगळ्यांचा समज हाच, की सर्व्हरला मोठ्या फाईली झेपत नाहीत.

पुण्यात असताना या तक्रारीवर मी लॉग उघडायचो. त्यात लिहिलेलं असायचं की पलीकडच्यानं जोडणी तोडली. सुप्यातल्या लॅपटॉपचा लॉग पाहिला तर तिथंही तेच: पलीकडच्यानं तोडली. बांधाच्या भांडणात दोन्ही वाद्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर त्यातलं कुणीतरी खोटं असतं. इथं दोघंही खरे असतात, आणि ज्यानं तोडली त्याच्याकडे लॉगच नसतो; तो भिंतीला खिळ्यावर टांगलेला, धुळीनं भरलेला, मागचे दिवे नीट न दिसणारा डबा असतो. ही गोष्ट पुण्यातून दिसणं शक्य नव्हतं. आम्ही एफटीपी सोडून एसएसएचवरच्या एकाच जोडणीनं फाईली पाठवायला लागलो, अधूनमधून "आहे, आहे" असं कळवत राहायची सोय सुरू केली, आणि शंभर टक्क्यांवरचा हा रडीचा डाव संपला.

त्याआधी, एफटीपीच्याच दिवसांत, एक उलटी तक्रार आली होती. "दादा, फाईल येईना." सुप्यातून चढत होती, पण पुण्याहून जुना नकाशा उतरवायला गेलं की शून्यावर अडकायची. लॉगिन व्हायचं. एका फोल्डरची यादी लगेच यायची, दुसऱ्याची येतच नसे. मी खोलीतच होतो. त्या मुलाला म्हटलं, दोन्ही फोल्डरांत काय आहे? पहिल्यात चार-पाच फाईली. दुसऱ्यात ड्रोनचे सुटे फोटो, हजाराच्या वर. फोल्डरची यादी म्हणजे नुसता मजकूर, त्यात फोटो नसतात; तरी लांब यादी अडकत होती आणि छोटी येत होती. तेव्हा प्रश्न फाईलचा नव्हताच. मोठी पॅकेटं येत नव्हती.

त्या जोडणीला स्थिर आयपी घेतलेला असल्यामुळे सर्व्हरवरून सुप्याकडे पिंग करता आलं. तुकडे करू नको असा हुकूम देऊन १,४७२ बाइटचं पिंग पाठवलं: काहीच नाही, एररसुद्धा नाही. १,४६४ चं पाठवलं: लगेच उत्तर. पुन्हा १,४७२: शांत. पिंगच्या आकारात शीर्षकांचे २८ बाइट मिळवायचे, म्हणजे १,५०० चं पॅकेट मरत होतं आणि १,४९२ चं जगत होतं. हा आठचा फरक दिसला की या धंद्यातला कुणीही पीपीपीओई म्हणेल. नेटवाल्याच्या त्या पद्धतीला प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी लागतात. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर गावातल्या बोळात वळताना अडकावा आणि त्याच बोळातून मोटरसायकली सुळसुळ जाव्यात, तसला प्रकार. एवढ्यानं खरं तर बिघडू नये. मोठं पॅकेट आलं की वाटेतल्या राउटरनं "मावत नाही, लहान कर" असा निरोप पाठवणाऱ्याला द्यायचा असतो. तो दिला जातही होता. पण सर्व्हर थोड्याच दिवसांपूर्वी नव्या फायरवॉलच्या मागं गेला होता, आणि तिथं सुरक्षेच्या नावाखाली पिंग तेवढं ठेवून आयसीएमपीचे बाकी सगळे निरोप बंद केलेले. सर्व्हरला बिचाऱ्याला कळतच नव्हतं की आपलं सामान दारातून आत जात नाहीये. तो तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला. तो एक प्रकारचा निरोप उघडला आणि पॅकेटमधल्या मजकुराचा कमाल आकार १,४५२ बाइट ठरवून टाकला. फोल्डरची यादी भळाभळा पडद्यावर आली. मुलगा म्हणाला, "एवढंच?" एवढंच. काही कळत नसलं की सगळंच बंद करून ठेवायचं याला लोक सुरक्षा म्हणतात. मला तो आळस वाटतो.

तिसरा प्रश्न घड्याळाचा. तो मी मुळात विचारत नव्हतो. एका आठवड्यात रोज रात्री साधारण एकाच सुमाराला जोडणी तुटायला लागली. कधी ३० टक्क्यांवर, कधी ७०, काही मेळ नाही. खाली केंद्रात बसलेल्या तात्यांना सहज विचारलं तर ते म्हणाले, "थ्री फेज येती की त्या वक्ताला." रात्रीची पाळी होती. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या पेठेतलं व्होल्टेज बसायचं, खोलीतला इन्व्हर्टर बॅटरीवर जायचा, आणि त्या पालटात राउटर बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. बल्ब नुसता लुकलुकायचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, त्याला पत्ताच नाही. राउटर उठून पुन्हा नेटला जोडून घेईपर्यंत फाईल मेलेली. इन्व्हर्टरच्या पाठीमागं एक बारकं बटण असतं, एका बाजूला साधं आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस असं लिहिलेलं. यूपीएसकडं केलं की हा पालट इतका झटक्यात होतो की राउटरला कळत नाही. बटण फिरवलं, तक्रार थांबली. सर्व्हरच्या दहा वर्षांच्या अभ्यासात हे बटण मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

अर्थात लाईट कायमची सांभाळणं कुणाच्या हातात नाही. फाईल तुटणारच हे धरून चालायचं आणि तुटली तिथून पुढं जाता आलं पाहिजे, एवढी सोय करायची. आरसिंक नावाचं जुनं, रूक्ष तोंडाचं साधन त्यासाठी उत्तम; अर्धवट राहिलेला भाग जपून ठेवायला सांगितला की दुसऱ्या दिवशी उरलेलंच पाठवतं. नवीन मुलांना त्याच्या काळ्या पडद्याची भीती वाटायची, म्हणून आम्ही डबल क्लिक करायची एक बॅच फाईल करून दिली. रात्री लावायची, खोलीला कुलूप घालायचं, घरी जायचं.

एवढं करूनही एका नकाशानं फसवलं. आकार दोन्हीकडे अगदी सारखा, बाइट न् बाइट. पुण्यात उघडला तर दक्षिणेकडचा पट्टा काळाठिक्कर, आणि नेमकं ज्या शेततळ्यासाठी नकाशा काढलेला ते त्या काळ्यात. तो पेनड्राइव्हवरून आलेला होता. घाईत उपसून काढला की असं होतं: फाईलची नोंद पूर्ण आकाराची झालेली, मजकूर मात्र शेवटपर्यंत उतरलेलाच नसतो. म्हणून पाठवायच्या आधी फाईलचा शा-२५६ काढायचा, पोचल्यावर पुन्हा काढायचा, आणि ६४ अक्षरांच्या त्या दोन ओळी जुळल्याशिवाय मूळ फाईल पुसायची नाही, असा नियम केला. सहा जीबीमधला एक बाइट इकडचा तिकडं झाला तरी पूर्ण ओळ बदलते. मुलांनी थोडी कुरकुर केली. एकानं विचारलंही, सर्व्हर म्हणतो पोचली, मग आपण कशाला मोजायचं?

त्याला सुप्याचीच गोष्ट सांगितली. १२ मे १८७५ ला याच गावच्या बाजारात आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची कुणबी मंडळी जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. मागणी एकच: वह्या आणि कर्जखतं बाहेर काढा. ती काढली आणि जाळली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाच्या पुस्तकात जे येतं त्याची ठिणगी इथली. रागाची कारणं पुष्कळ होती. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला शेतसारा. पण राग कागदावर का निघाला, ते चार वर्षांनी आलेल्या कायद्यात दिसतं. १८७९ च्या त्या कायद्यानं शेतकऱ्याला फेडलेल्या रकमेची लेखी पावती मागायचा हक्क दिला, दर वर्षी हिशेब मागायचा दिला, स्वतःकडे खातेपुस्तक ठेवायचा दिला. तोवर हिशेब एकाच वहीत असे, आणि ती वही घेणाऱ्याच्या घरी. सर्व्हर माझा असला म्हणून काय झालं, पोचल्याचा पुरावा पाठवणाऱ्याच्याही हातात हवा. मुलगा दहावीला इतिहासात काठावर पास झालेला. पण ६४ अक्षरांची ओळ त्यानंतर व्हॉट्सॲपवर न चुकता यायला लागली.

अलीकडे नेट सुधारलंय आणि मोठ्या फाईली बिनबोभाट जातात. शेवटची तक्रार आली ती एका लहान फाईलची, जेमतेम ४० एमबीची. सुरूच होईना. आकार नाही, वेळ नाही, घड्याळ नाही. माझे तिन्ही प्रश्न फुकट. मग मुकाट्यानं एरर वाचली: नाव फार लांब आहे. फाईलचं नाव होतं 'मौजे सुपे तालुका बारामती जिल्हा पुणे शेततळे व फळबाग क्षेत्र ड्रोन नकाशा अंतिम सुधारित नवीन दुरुस्त'. विंडोज नावाची लांबी अक्षरचिन्हांत मोजतं, त्यामुळे तिथं हे बसलं. सर्व्हरवरचं लिनक्स बाइटमध्ये मोजतं आणि २५५ ला थांबतं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजायचे; एकट्या 'क्षेत्र'चे २१ होतात. हिशेब केला तर हे नाव २६४ भरलं. नावं इंग्रजीत लिहा असं सांगणं सोपं होतं, पण शेतकरी नकाशा मागायला येतो तेव्हा मराठीतच मागतो आणि शोधायचं मुलांना असतं. आम्ही गावाचं नाव, गट नंबर आणि तारीख एवढंच ठेवलं. 'अंतिम' लिहायला बंदी घातली, तेवढ्यावर मात्र अजून वाद चालू आहे.